बारसं आणि साडेतीनची मॅच

राजेश्वरीनं नातीचं बारसं तीन दिवस पुढं ढकललं, तेव्हा व्याह्यांना सांगितलं की आचारी मोकळा नाही. भावाला, मोहनला, सांगितलं की व्याह्यांची अडचण आहे. वडिलांना, आबांना, काहीच सांगितलं नाही, कारण आबांना कारणं द्यायची पद्धत त्या घरात नव्हती. खरी गोष्ट ठाऊक होती ती एकट्या थोरल्या भावाला, रणजितला. रविवारी दुपारी साडेतीनला बारामतीच्या मैदानावर त्याच्या सरनोबत तालमीची फुटबॉल मॅच होती, आणि एकवीस वर्षं संघाचा मॅनेजर राहिलेल्या रणजितची ती शेवटची होती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आबांना नुसत्या मॅचसाठी कळस गावाहून हलवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. पणतीच्या बारशाला मात्र ते येणारच होते.

"दादा, म्हाताऱ्याला बारामतीपतूर आनायचं काम माजं," ती फोनवर म्हणाली होती. "तितनं म्होरं ग्राउंडवर न्यायचं तुजं. त्यो शब्द तूच टाकायचा. मी न्हाय टाकायची."

रणजित हो म्हणाला होता. फोनवर हो म्हणायला काय जातं?

रविवारी सकाळी दहाला तो बारामतीतल्या जळोचीला बहिणीच्या दारात उतरला तेव्हा अंगात तालमीचा निळा ट्रॅकसूट होता आणि खिशात बर्फवाल्याचा नंबर. अठरा पोरं एका मंगल कार्यालयात उतरली होती. त्यांना मिसळीपासून लांब ठेवायला तो एका थोराड पोराला बसवून आला होता, आणि गोलकीपर लखनला बजावून आला होता की दुपारी झोपायचं नाही, झोपलास की अंग जड होतं. हे सगळं तो न चुकता करायचा. टेप, बूट, ओळखपत्रं, दोन गल्ल्यांतल्या समर्थकांची भांडणं, रेफरीचा चहा. मॅनेजर म्हणजे दुसरं काय असतं? अठरा पोरांची आई, फक्त मिशा असलेली.

आबा ओसरीवर खुर्चीत बसले होते. पांढरा पटका, गुडघ्यांच्या मधोमध काठी, काठीवर दोन्ही हात. रणजित पाया पडला. आबांनी विचारलं, गुडघा कसा हाय. बरा आहे म्हणाला. मग कोल्हापूरकडं थंडी किती, गुऱ्हाळं चालू झाली का, सूनबाई कुठं आहे. ती लेकीकडं नाशिकला गेलीय, नातवाला ताप आहे. आबांनी त्या तापाचीही सगळी चौकशी केली. समोर बसलेल्या लेकाच्या छातीवर फुटबॉलचं चित्र असलेला बिल्ला होता. आबांची नजर पटक्याच्या सावलीतून त्या बिल्ल्यापर्यंत यायची आणि शेजारच्या कुंडीवर जायची.

हे असं सदतीस वर्षं चाललं होतं. बाप-लेकांत अबोला नव्हता, उलट बोलणं भरपूर होतं. बैल, पाऊस, आईचं, प्रयागबाईंचं, आजारपण, मोहनच्या पोराची नोकरी, सगळ्यावर ते बोलत. एका विषयावर तेवढं नाही.

त्याला कारण आबांची ती चूक होती. चूक म्हणायची तर आबांचीच, पण तिची भरपाई सगळ्या घरानं केली.

पंच्याऐंशी साली आबांनी थोरल्या पोराला पैलवान करायचं ठरवलं. पोरगं पंधराव्या वर्षी दाराच्या चौकटीला टेकत होतं, पंजे फावड्याएवढे होते. कुणीतरी सांगितलं की कोल्हापूरच्या तालमीत टाका. आबा गेले, सरनोबत तालमीची पाटी बघितली, आत हनुमानाची मूर्ती बघितली, लाल माती बघितली, म्हाताऱ्या वस्तादांच्या पायावर डोकं ठेवून पोरगं सोडून आले. कोल्हापुरात निम्म्या तालमी आता फुटबॉलच्या जोरावर ओळखल्या जातात, हे कळसच्या माणसाला कोण सांगणार? त्या आखाड्यात पाच पोरं घुमायची आणि मागच्या मैदानावर पन्नास. रणजितनं दोन महिने माती अंगाला लावली. मग एका संध्याकाळी गोलकीपरचं बोट मोडलं आणि कुणीतरी म्हणालं, त्या इंदापूरच्या लांबड्याला उभा करा. पडायला तो आखाड्यात शिकलाच होता. आलेला बॉल त्यानं छातीशी असा धरला की सोडवून घ्यायला दोघं लागले. त्या दिवसापासून तो आखाड्यात उतरला नाही.

आणि इकडं घरातून खुराक चालू. दर शनिवारी तुपाचा डबा, बदाम, खारका कळसच्या फाट्यावर इंदापूर-कोल्हापूर गाडीत चढायच्या. ड्रायव्हर राजमहंमद तो डबा स्वतःच्या सीटखाली ठेवून न्यायचे. ते कोल्हापूरच्या स्टँडवर डबा द्यायचे तेव्हा पोरगं बूट गळ्यात अडकवून यायचं. राजमहंमदचाचांना पहिल्याच महिन्यात सगळं कळलं. माझ्या तोंडून जाणार नाही, पण तू सांग, असं ते दर शनिवारी म्हणायचे, आणि रणजित दर शनिवारी पुढच्या शनिवारचा वायदा करायचा. तीन वर्षं घरातल्या दोन म्हशींचं तूप कोल्हापूरला गेलं. राजेश्वरी आणि मोहन कोरड्या भाकरीवर वाढले, कारण दादा पैलवान होत होता.

अठ्ठ्याऐंशीच्या जत्रेत आबांनी न विचारताच त्याची कुस्ती लावली. रणजितला तेव्हाही सांगता आलं नाही. हलगी वाजली, माळशिरसकडचा एक गडी समोरून धावून आला, आणि रणजितनं जे केलं ते त्या आखाड्यात आधी कुणी केलं नव्हतं. त्यानं दोन्ही हात वर करून उजवीकडं झेप घेतली. तीन वर्षांची सवय होती, अंगानं विचारलंच नाही. तो मातीवर आडवा पडला, गडी त्याच्यावर बसला, आणि अख्खं गाव हसलं. कुणीतरी ओरडलं, फुटबॉल खेळतंय व्हय रं हे? ते गमतीनं म्हटलेलं खरंच निघालं. आबा उठले, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि घरी गेले. रात्री जेवताना त्यांनी विचारलं, कोल्हापूरला परत कवा जायाचं हाय. तेवढंच.

रणजित परत गेला. पंधरा वर्षं सरनोबत तालमीच्या गोलमध्ये उभा राहिला. सूतगिरणीत टाइमकीपरची नोकरी मिळाली ती त्या हातांमुळंच. महाराष्ट्राच्या संघात एकदा राखीव म्हणून गेला आणि बाकावर बसून परत आला. पेठेतली पोरं त्याचं नाव घेऊन ओरडायची, तेव्हा पाठीमागच्या जाळीपलीकडं तो एक पांढरा पटका शोधायचा. प्रत्येक मॅचला. आई एकदा येऊन गेली होती, अंबाबाईच्या दर्शनाचं निमित्त काढून. बॉल गोलकडं आला की ती पदर डोळ्यांवर घ्यायची, त्यामुळं तिनं काय बघितलं ते तिलाच ठाऊक. घरी जाऊन तिनं आबांना काय सांगितलं हे रणजितनं कधी विचारलं नाही. सहा वर्षांमागं ती गेली आणि विचारायचं राहूनच गेलं.

गुडघा गेल्यावर तो मॅनेजर झाला. आता तालमीच्या नव्या मंडळींनी बाहेरचा, लायसनवाला कोच आणायचं ठरवलं होतं. त्यात त्यांचं चुकत होतं असंही नाही. बारामतीची स्पर्धा राजमहंमदचाचांचा मुलगा अफजल भरवायचा. त्यानं या वर्षी सरनोबत तालमीला बोलावलं, आणि रणजितनं तालमीला सांगितलं, ही एवढी करतो आणि थांबतो. ओट्यावरची पोरं म्हणाली, शेवटची मॅच बारामतीत कशाला, कोल्हापुरात करू, मिरवणूक काढू. रणजित म्हणाला, नको. मिरवणुकीत ज्याला उभं करायचं होतं तो माणूस कोल्हापूरला येणार नव्हता.

बारसं अकराला झालं. बायकांनी पाळण्याखालून पोर इकडून तिकडं दिलं, गोविंद घ्या, गोपाळ घ्या चाललं, आत्यानं कानात नाव सांगितलं आणि पाठीत धपाटे खाल्ले. पोरीचं नाव ठेवलं ऋतुजा. राजेश्वरीच्या रेश्मानं आपली लेक आणून पणजोबांच्या मांडीवर दिली. आबांनी तिचा पंजा स्वतःच्या बोटांवर पसरून बघितला, बराच वेळ. म्हणाले, "हात मोठं हायती. आमच्या वळणाचं." रणजित तीन हातांवर उभा होता. हा शब्द आपल्याकडं बघून म्हटला की नाही, हे कळायच्या आत कुणीतरी घुगऱ्यांचं ताट पुढं केलं.

जेवणं सुरू झाली तोवर पाऊण वाजला. दोनला त्याला निघायचं होतं. राजेश्वरी पंगतीतून फिरताना प्रत्येक वेळी त्याच्याकडं बघून भुवया वर करायची, आणि तो प्रत्येक वेळी अजून थोडी जिलेबी घ्यायचा. पेनल्टी मारायला आलेल्या माणसासमोर तो पंधरा वर्षं उभा राहिला होता. अठरा पोरांना हाफटाइमला उभं-आडवं झोडायला त्याला विचार करावा लागत नसे. आणि इथं एक वाक्य बाहेर पडत नव्हतं. शेवटी राजेश्वरीनं त्याच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि आबांच्या शेजारची खुर्ची पायानं सरकवून दिली.

तो बसला. आबा सुपारी कातरत होते.

"आबा, आज आमची मॅच हाय. साडेतीनला. हितंच, बारामतीत."

अडकित्ता थांबला. रणजितला वाटलं, आता कोल्हापूरची थंडी विचारतील.

"कुनाबरूबर?" आबांनी विचारलं.

सदतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं होतं.  एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर देताना रणजितचा आवाज पोरासारखा चिरकला. "पुन्याच्या पोरांबरूबर. चांगली हायती पोरं. तुमी... माजी ही शेवटची हाय, आबा. तुमी आला तर बरं हुईल."

आबांनी सुपारीचा तुकडा तळहातावर घेतला आणि तसाच धरून ठेवला. ते काही बोलणार होते, असं रणजितला पुढं कितीतरी वेळ वाटत राहिलं. पण मागून मोहन आला. मोहनराव, त्याचा धाकटा भाऊ, गाडीची किल्ली बोटात फिरवत. तो म्हणाला की चारला ऊसतोडीची टोळी फडात येणार आहे, आपण हजर नसलो तर ती दुसऱ्याच्या फडात जाईल आणि मग पंधरा दिवस फिरकायची नाही. शिवाय आबांना ऊन सोसत नाही. अडीचला निघायचं.

आबांनी एकदा रणजितकडं बघितलं, एकदा मोहनकडं. "मोहन म्हनतोय तसं," ते म्हणाले आणि सुपारी तोंडात टाकली.

राजेश्वरी आतून बाहेर आली आणि मोहनवर बरसली. टोळीला फोन करता येतो, एक दिवस ऊस उभा राहिला म्हणून पळून जात नाही, म्हातारं माणूस वर्षातून एकदा घराबाहेर पडतं. मोहनची बायको नवऱ्याच्या बाजूनं उठली, व्याही मंडळी भिंतीवरची कॅलेंडरं वाचू लागली. रेश्मा थोरल्या मामाच्या बाजूनं बोलायला गेली तर आईनंच तिला गप्प केलं, बाळंतिणीनं बोलू नये म्हणून. भांडण आबांवरून चाललं होतं आणि आबा मध्येच बसून शांतपणे सुपारी चघळत होते. रणजितला ते सहन होईना. त्यानं राजेश्वरीचा हात दाबला, सगळ्यांना नमस्कार केला आणि निघाला.

मोहन फाटकापर्यंत मागं आला. रणजितला वाटलं, समजूत काढायला आला असेल.

"तुला राग आला आसंल," मोहन म्हणाला.

"न्हाय. तुजं बरूबर हाय. टोळी गेली तर पंचाईत."

"टोळीचं न्हाय ते." मोहन फाटकाच्या कडीशी चाळा करत होता. पन्नाशीचा गडी, कानशिलं पांढरी झालेली. "तुज्या मॅचला कोल्हापूर लोटायचं. पेपरात फोटू यायचा. आमी कात्रनं ठिवलीती, आयनं पेटीत ठिवलीती. तुला बघनारी लय झाली, दादा. मी त्येच्यासंगं एका रानात तीस वर्सं हुबा हाय. पानी मी धरतोय, ऊस मी आनतोय. मला त्यो बघाय कवा आला? बांधावर येतो आन् म्हनतो, सरी वाकडी झाली." मग म्हणाला, "आन् आज तू बोलावलं तर सुपारी हातात धरून बसला. बघितलं मी."

 एवढी वर्षं आबांच्या नजरेला पारखे झालेले आपण एकटेच आहोत, असं रणजित धरून चालला होता. रोज समोर असलेल्या माणसालाही ती मिळाली नसेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यानं मोहनच्या खांद्यावर हात ठेवला. मोहननं तो झटकला नाही, पण वरही बघितलं नाही. मग अफजलची मोटरसायकल आली आणि रणजित मागं बसून मैदानाकडं गेला.

मैदान कसलं, एका बाजूला पायऱ्या आणि तिन्ही बाजूंना तार. पण अफजलनं हौसेनं पताका लावल्या होत्या, हलगीवाले बसवले होते. माणसं बरी जमली होती. रणजितनं पोरांना ओळीत उभं केलं, लखनच्या बोटांना टेप गुंडाळली. पायऱ्यांकडं बघायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं आणि पहिली पंचेचाळीस मिनिटं ते पाळलं. मॅच बरोबरीत होती. पुण्याची पोरं पळायला तेज, आपली अंगानं दांडगी. लखननं दोन चांगले बॉल अडवले, एक वाईट सोडला, तो खांबानं अडवला.

हाफटाइमची शिट्टी झाली आणि रणजित पाण्याच्या बाटल्या उचलायला वळला. लांबच्या गोलमागं, कोपऱ्याच्या झेंड्याशी, लाल प्लास्टिकच्या खुर्चीत आबा बसले होते. पटका, गुडघ्यांत काठी, काठीवर दोन्ही हात. त्यांच्यामागं मोहन हाताची घडी घालून उभा होता.

अठरा पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करून उभी होती. एकवीस वर्षांतला शेवटचा हाफटाइम. पोरं त्याच्या तोंडाकडं बघत होती, एकानं तर डोळे आधीच ओले करून ठेवले होते.

"पानी प्या," रणजित म्हणाला. मग स्वतःच बाटल्या वाटत सुटला.

दुसऱ्या डावात तो कधी नव्हे एवढा ओरडला. लाइनवरून पळाला, हातवारे केले, रेफरीशी वाद घातला. लखन, पुढं ये. मागं हो. डावा खांब बघ. थोड्या वेळानं त्याच्या लक्षात आलं की पोरांना ऐकू जायला एवढ्या आवाजाची गरज नाही. हा आवाज त्या कोपऱ्यापर्यंत जायला हवा म्हणून चाललाय. स्वतःचीच लाज वाटली त्याला, पण गप्प काही बसवेना. आबा हलत नव्हते. बॉल इकडं आला तरी त्यांची मान तिकडंच, गोलकडं. बाजू बदलल्यावर लखन त्यांच्याच पुढ्यात उभा होता, आणि आबा बॉल सोडून त्या चौकटीकडं बघत बसले होते.

संपायला दहा मिनिटं असताना पुण्याच्या पोरांनी गोल केला. एक-शून्य. हरली सरनोबत तालीम. अफजलनं रणजितला शाल, श्रीफळ आणि फुटबॉलएवढा फेटा दिला. पोरांनी त्याला उचलायचा प्रयत्न केला आणि आपापली कंबर धरून खाली ठेवला. लखन रडला. रणजितनं त्याला सांगितलं की तो गोल कुणालाही अडवता आला नसता. ते खरं नव्हतं. पोरं कपडे बदलायला गेली, हलगीवाले बिदागी घेऊन गेले, माणसं वडापावच्या गाड्याकडं पांगली. सूर्य तारेच्या खाली उतरायला आला होता. कोपऱ्यातली खुर्ची तशीच होती.

रणजित मैदान ओलांडून गेला. मोहन चार पावलं पुढं आला.

"फाट्यापतूर गेलो हुतो," तो हळू आवाजात म्हणाला. "मला म्हनला, गाडी वळव. म्हनलं टोळी जाईल. म्हनला, जाऊ दे." मोहननं मान हलवली. "मंग वळवली."

रणजित आबांसमोर जाऊन उभा राहिला. फेटा काढून हातात घेतला. आपण हरलो, हे सांगायला हवं का, याचा तो विचार करत होता.

"झालं का समद्या पोरांचं?" आबांनी विचारलं.

"झालं, आबा."

"बरं झालं." त्यांनी खुर्चीत जरा सरसावून घेतलं, पटका नीट केला. "मंग आता तू उतर."

रणजितला कळलंच नाही.

"लय येळ लावत्यात हे लोक," आबा म्हणाले. "पोराटोरांच्या आधी लावत्यात आन् मोठी शेवटाला, ते म्हाईत हाय मला. जत्रंत बी तसंच. म्हनून तर बसलोय. तू म्हनलास न्हवं, माजी शेवटची हाय म्हनून." काठीनं त्यांनी रिकाम्या गोलकडं दाखवलं. "तितं हुता त्यो पोरगा कच्चा हाय. तुजी आय म्हनायची, तू त्या चौकटीत दारावानी हुबा ऱ्हातूस. ते बघाय आलोय मी. कवा हाय तुजी?"

दोन तास हा माणूस उन्हात बसला होता आणि आपल्या लेकाची वाट बघत होता. बॉल कुठं गेला, कोण जिंकलं, त्याच्याशी त्याला देणं-घेणं नव्हतं. बारक्या कुस्त्या चालल्यात, मोठी यायची आहे, एवढाच त्याचा हिशोब होता. मॅनेजर म्हणजे बाहेर उभा राहणारा माणूस, आणि आपण शेवटचं त्या चौकटीत उभं राहिलो त्याला एकवीस वर्षं झाली, हे रणजितला आता सांगायला हवं होतं. सांगणं सोपं होतं. आबा समजूतदार होते, हं म्हणाले असते, काठीवर भार देऊन उठले असते आणि गाडीत बसून गुऱ्हाळाचं बोलले असते. 

"आबा, मी आता..."

"आता हाय त्येची," मोहन म्हणाला.

रणजितनं वळून बघितलं. मोहन चप्पल काढत होता. कडेला पडलेला एक बॉल त्यानं पायानं ओढला, पायजमा घोट्यापर्यंत वर खोचला. भावाकडं न बघता म्हणाला, "जा की. मीच हाय म्होरं."

रणजित गोलमध्ये गेला. पाठीमागं जाळी, पायाखाली खरवडलेली माती, दोन्ही बाजूंना खांब. पंचावन्नावं वर्ष, एक गुडघा निकामी, पोटात जिलेबी. हातमोजे नव्हते. त्यानं पाय फाकवले, कमरेत वाकला, पंजे उघडले आणि एकाएकी त्याला कळेना की हे एवढे मोठे हात कुठं ठेवायचे. असं त्याला कधीच झालं नव्हतं. कोपऱ्यात, झेंड्याशी, आबा उठून उभे राहिले होते. अफजल धावत आला आणि खुर्ची त्यांच्या पाठीशी धरून उभा राहिला, पण आबा बसले नाहीत.

पहिला बॉल मोहनच्या अंगठ्याला लागून भलतीकडं गेला. अनवाणी माणूस, आयुष्यात कधी बॉलला लाथ घातलेली नाही. दुसरा घरंगळत आला, रणजितनं तो वाकून उचलला आणि परत टाकला. तिसऱ्या वेळेला मोहन आठ पावलं मागं गेला. ढेकळांत चालून चालून झालेले त्याचे ते पाय, तो धावत आला आणि त्यानं असा काही बॉल हाणला की त्यात नुसता बॉल नव्हता. तीन वर्षांची कोरडी भाकरी होती, तीस वर्षांच्या सऱ्या होत्या. बॉल उजव्या खांबाच्या आत निघाला होता. रणजितनं झेप घेतली. गुडघा ओरडला, खांदा मातीत घासत गेला, आणि बॉल छातीशी येऊन थांबला. तो तसाच पडून राहिला, बॉल कवटाळून, तोंडात माती.

 मग आबांचा आवाज आला.

"अजून एक."

रणजित उठला, बॉल परत टाकला. मोहननं पुन्हा मारला. हा गोलमध्ये गेला, आबांनी त्यालाही मान डोलावली. मोहनच्या तोंडावर कधी नव्हे ते हसू आलं. "अजून एक," आबा म्हणाले. ते चालत चालत पेनल्टीच्या खुणेपर्यंत आले होते, मोहनच्या अगदी शेजारी, आणि एकदा या लेकाकडं, एकदा त्या लेकाकडं असं बघत होते. कपडे बदलून निघालेली पोरं तारेशी येऊन थांबली. लखननं हातमोजे आणून दिले, ते रणजितच्या पंजात शिरेनात. मैदानाचा रखवालदार फाटक लावायला आला तेव्हा अफजलनं त्याला खुणेनं बाजूला बसवलं.

उजेड उतरत चालला. प्रत्येक झेपेनंतर उठायला रणजितला दोन्ही हात टेकावे लागत होते, मोहनच्या अंगठ्यातून रक्त आलं होतं. मोहन गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत म्हणाला, "आबा, बॉल दिसंना आता."

"दिसू दे न्हायतर न्हाय," आबा म्हणाले. "अजून एक."